प्रवेशाच्या दारात कानाची परीक्षा नको

विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांमध्ये इंग्रजी ऐकून समजण्याची चाचणी असावी, अशी सूचना शिक्षकांच्या बैठकांत आणि पालकांच्या चर्चेत वारंवार पुढे येते. ती करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. वर्गात बसूनही व्याख्यान न कळणारी मुलं त्यांनी पाहिलेली असतात आणि त्यांचे हाल टळावेत असं त्यांना मनापासून वाटतं. तरीही ही सूचना चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे सविस्तर सांगायला हवं. इंग्रजी ऐकायला शिकवणं हे शाळेचं आणि प्रवेश देणाऱ्या संस्थेचं काम आहे. ते काम न करता त्याचीच परीक्षा दारात घेणं म्हणजे आपण जे कधी दिलंच नाही त्याचा हिशेब सतरा वर्षांच्या मुलाकडे मागणं.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, केळंबाक्कमच्या अलीकडे सिरुसेरी लागतं. बहुतेकांना ते सिपकॉटच्या आयटी पार्कमुळे आणि तिथल्या टीसीएसच्या संकुलामुळे माहीत असतं. त्याच पार्कात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ मध्ये स्पिक सायन्स फाउंडेशनच्या आधारानं हे काम सुरू केलं. १९९८ पासून तिथे पदवीचं शिक्षण मिळू लागलं, २००५ मध्ये संस्था सिरुसेरीत आली आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरातली गणितवेडी मुलं तिथे यायला धडपडतात, त्यांत महाराष्ट्रातलीही असतात.

या संस्थेची पदवीची प्रवेश परीक्षा गणिताची असते. एका भागात थोडक्यात उत्तरं द्यायची असतात, दुसऱ्या भागात सिद्धता लिहायच्या असतात. तिथे नुसतं उत्तर चालत नाही, प्रत्येक पायरी का बरोबर आहे हे सांगावं लागतं. इंग्रजी ऐकण्याचा एकही प्रश्न त्यात नसतो. पण प्रवेश मिळाला की पहिल्या तासापासून सगळं इंग्रजीतच ऐकायचं असतं: विश्लेषण, बीजगणित, प्रोग्रामिंग, फळ्याशी उभ्या मित्राची शंका आणि तिला मिळालेलं उत्तरही. दारात ऐकणं तपासलं जात नाही आणि आत त्यावाचून एक दिवस निघत नाही. चाचणीची मागणी करणाऱ्यांना याहून बळकट उदाहरण मिळणार नाही. म्हणूनच त्यांचा युक्तिवाद इथे टिकतो का, हे पाहू.

आधी अडचण मान्य करतो, कारण ती खरी आहे. मराठी माध्यमात किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेल्या मुलानं बारावीपर्यंत इंग्रजीत हजारो ओळी वाचलेल्या असतात. बैजिक राशी, सूत्रं, प्रमेयं त्यानं डोळ्यांनी ओळखलेली असतात. पण ती इंग्रजीत कशी बोलली जातात हे त्याच्या कानानं ऐकलेलं नसतं. पाठ्यपुस्तकातली ओळ तो मनातल्या मनात मराठीत वाचतो, ‘एक्सचा वर्ग अधिक दोन एक्स’. समोरचे प्राध्यापक ‘एक्स स्क्वेअर्ड प्लस टू एक्स’ म्हणत पुढच्या ओळीवर गेलेले असतात. ‘फॉर एव्हरी एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो देअर एक्झिस्ट्स अ डेल्टा’ हे वाक्य छापील पानावर कळतं. तेच एका श्वासात आलं की शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे उमगत नाही. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजीत जोर असलेला शब्द ठळक येतो आणि ‘देअर’, ‘ऑफ’, ‘दॅट’ यांसारखे छोटे शब्द गिळले जातात. गणितात नेमके हेच शब्द अर्थ ठरवतात. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांतला फरक निसटला तर अख्खं प्रमेय उलटं होतं.

त्यात उच्चारांची भर. सिरुसेरीच्या वर्गात तमीळ, मल्याळी, बंगाली, तेलुगू अशा अनेक वळणांची इंग्रजी कानावर पडते. शाळेत इंग्रजीचा तासही मराठीतच ऐकलेल्या मुलाला सुरुवातीचे आठवडे हे सगळं परकं वाटतं. तो शंका विचारत नाही, कारण आपल्याला गणित कळलं नाही की वाक्य, हेच त्याला ठरवता येत नाही. हे दुखणं मी लहान समजत नाही. वाद आहे तो उपायावर.

चाचणीच्या बाजूचा पहिला युक्तिवाद दयेचा आहे: ज्याला व्याख्यान कळणार नाही त्याला आत घेऊन त्याचा जीव का टांगणीला लावायचा? वरवर हे समंजस वाटतं. पण प्रवेश परीक्षा कशासाठी असते, याचा विसर त्यात पडला आहे. जे संस्थेला सहजासहजी शिकवता येत नाही ते मुलात आहे का, हे पाहण्यासाठी ती असते. एखादा प्रश्न दिवसभर डोक्यात घोळवत ठेवण्याची चिकाटी, एका उदाहरणातून नियम हेरण्याची नजर, चुकीच्या सिद्धतेतली फट दिसण्याची सवय, या गोष्टी बांधायला वर्षं जातात आणि कोणतंही सत्र त्या हमखास देऊ शकत नाही. इंग्रजी व्याख्यान ऐकण्याची सवय त्या जातीची नाही. गणिताच्या वर्गातला शब्दसंग्रह मर्यादित असतो. तीच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते. शिक्षक तेच असतात, त्यांचा आवाज रोज कानावर पडतो. आणि बोललेलं बरंचसं फळ्यावर लिहिलेलंही असतं. अशा ठिकाणी कान तयार होतो, फक्त त्याला वेळ आणि मदत हवी असते. जे संस्था एका सत्रात देऊ शकते त्याच्या अभावी, जे ती चार वर्षांतही देऊ शकणार नाही ते घेऊन आलेला मुलगा परत पाठवणं ही दया कसली?

खुद्द शेषाद्रींच्या घडणीकडे पाहावं. कांचीपुरमला जन्मलेला आणि चेंगलपट्टूत शाळा शिकलेला हा माणूस १९५३ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विद्यार्थी म्हणून आला आणि पुढची तीसेक वर्षं त्याचं काम प्रामुख्यानं तिथेच झालं. के. चंद्रशेखरन यांनी तिथे गणिताची जी शाळा उभी केली, तिचा एक रिवाज या वादात फार मोलाचा आहे. युरोपातले मोठे गणिती मुंबईत येऊन व्याख्यानं देत आणि संस्थेतले तरुण ती ऐकून त्यांच्या टिपणांचं पुस्तक तयार करत. फ्रान्सच्या लोराँ श्वार्त्झ यांच्या व्याख्यानांची टिपणं एम. एस. नरसिंहन यांनी लिहिली. जर्मनीच्या कार्ल लुडविग सीगल यांची काही टिपणं एस. राघवन यांची आहेत. वक्त्याची मातृभाषा फ्रेंच किंवा जर्मन, ऐकणाऱ्याची तमीळ किंवा आणखी कोणती, आणि मध्ये इंग्रजी. त्या तरुणांना ऐकण्याचं प्रशिक्षण संस्थेनंच दिलं, आणि ते गणिताच्या कामातच गुंफून दिलं. ऐकलेलं लिहायचं, लिहिलेलं तपासून घ्यायचं, चुकलेलं पुन्हा विचारायचं. भारतातल्या गणितातलं फार नावाजलेलं काम ज्या पिढीनं केलं, ती ऐकायला अशी शिकली.

दुसरा युक्तिवाद परदेशाचा आहे. जपाननं राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत २००६ पासून इंग्रजी ऐकण्याचा भाग आणला आणि २०२१ च्या नव्या परीक्षेत वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० असे गुण ठेवले. दक्षिण कोरियाच्या परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकण्याचे असतात, आणि तेवढा वेळ देशभर विमानांचं उड्डाण व उतरणं थांबवलं जातं. मग आपणच मागे का, असा सवाल केला जातो.

ही उदाहरणं मी आदरानं वाचतो, आणि त्यांतून उलटाच धडा निघतो. त्या देशांत इंग्रजी बहुतेक सगळ्यांसाठी सारखीच परकी आहे. घरात, बाजारात, सरकारी कचेरीत तिचं काम पडत नाही. ती शाळेतच भेटते आणि शाळा सगळ्यांना तोच अभ्यासक्रम देते. तिथे ऐकण्याची परीक्षा बऱ्याच अंशी शिकवलेल्याची परीक्षा ठरते. आपल्याकडे इंग्रजी हे घराण्याचं, शहराचं आणि फीच्या पावतीचं माप आहे. मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू शाळेतलं मूल पाळण्यात असल्यापासून ती ऐकतं. मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला ती पहिल्यांदा सलग ऐकू येते ती मोबाइलवरच्या व्हिडिओत. दोघांना एकच ध्वनिफीत एकदा ऐकवून गुण दिले, तर मोजलं जाईल ते त्यांचं घर.

शिवाय जपाननं प्रत्येक परीक्षार्थीच्या हाती स्वतंत्र ध्वनियंत्र दिलं आणि कोरियानं आकाश शांत केलं. ती जबाबदारी राज्यानं उचलली. आपल्याकडे नीटला २० लाखांहून जास्त मुलं बसतात. २०२२ मध्ये विद्यापीठ प्रवेशाची सीयूईटी पहिल्यांदा झाली तेव्हा तांत्रिक अडचणींमुळे अनेक केंद्रांवरची परीक्षा ऐनवेळी रद्द करावी लागली होती. एका केंद्रावर हेडफोन खरखरला, दुसऱ्यावर वीज गेली, तिसऱ्याच्या शेजारी मंगल कार्यालय निघालं, तर त्या मुलांच्या वर्षाची भरपाई कोण करणार?

चाळणी बदलली की आत कोण येतं हेही बदलतं, याचा दाखला सिरुसेरीच्याच राज्यानं दिला आहे. २०१७ पासून तमिळनाडूत वैद्यकीय प्रवेशासाठी नीट लागू झाली. न्या. ए. के. राजन यांच्या समितीनं २०२१ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात, वैद्यकीय महाविद्यालयांतला तमीळ माध्यमाच्या मुलांचा वाटा त्यानंतर झपाट्यानं घसरल्याचं नोंदवलं. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राज्याला २०२० मध्ये साडेसात टक्के जागा राखून ठेवाव्या लागल्या. लक्षात घ्या, ही परीक्षा तमिळमध्येही देता येते. भाषेचा दरवाजा उघडा असूनही शिकवण्या परवडणारे पुढे गेले. मग खास इंग्रजी कानाची चाळणी लावल्यावर मराठी माध्यमाच्या मुलाचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. लातूरपासून कोटापर्यंत तिची वेगळी शिकवणी निघेल, तिचे ठोकताळे पाठ करून घेतले जातील, आणि त्या शिकवणीची फी ज्याला झेपेल त्याचा कान तयार ठरेल.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत ताकदीचा आहे: जे परीक्षेत नसतं ते आपल्याकडे शिकवलं जात नाही, म्हणून आधी परीक्षेत आणा, शाळा आपोआप शिकवू लागतील. आपल्या शाळांबद्दलचं यातलं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र आपल्याच अनुभवानं खोटा ठरवला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं बारा वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडली, ती बहुतांशी डोळ्यांनी शिकून. दहावीला भाषा विषयांत शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे २० गुण होते. २०१९ च्या परीक्षेत ते काढून टाकल्यावर राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मोठा गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती टक्केवारीची, अकरावीच्या प्रवेशाची, इतर मंडळांच्या मुलांशी होणाऱ्या स्पर्धेची. मूल ऐकायला आणि बोलायला शिकलं का, हा प्रश्न ऐरणीवर आलाच नाही. गुण होते, परीक्षा होती, तरी शिकवणं आलं नाही. कारण शिकवण्यासाठी लागणारा तास, ऐकवण्यासाठी आवाज आणि ते कसं शिकवायचं याचं शिक्षकाला मिळालेलं प्रशिक्षण, यांतलं काहीच गुणांबरोबर दिलं नव्हतं. आधी शिकवणं उभं करावं लागतं, मोजणं त्यानंतरचं.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. त्यांच्या मते हा प्रश्नच उरलेला नाही, कारण नीट आणि जेईई मेन आता १३ भाषांत होतात आणि त्यांत मराठी आहे. मराठीत प्रश्नपत्रिका मिळणं हा मोठा हक्क आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण त्याचा उपयोग परीक्षेच्या त्या तीन तासांपुरता असतो. निकालानंतर तेच मूल एमबीबीएसच्या किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात जातं आणि तिथे व्याख्यान इंग्रजीत असतं. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड तर आजही फक्त इंग्रजी आणि हिंदीतच होते. आपल्या मुलाला मराठीतून आत पोचवून तिथे एकटं सोडून देणं, याला मातृभाषेचा कैवार म्हणता येणार नाही.

काहींचा उपाय आहे बालवाडीपासून इंग्रजी माध्यम. तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी इंग्रजी शाळांत पाटी इंग्रजी, पुस्तक इंग्रजी आणि समजावून सांगणं मराठीत किंवा हिंदीत असतं. त्यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही, मुलांना कळावं म्हणूनच ते तसं करतात. पण त्या मुलांच्या कानावरही सलग इंग्रजी पडत नाही, आणि संकल्पना मात्र परक्या भाषेत अर्धवट राहतात. गणिताचा विचार मराठीत पक्का झालेलं आणि इंग्रजी कान सतराव्या वर्षी कमावणारं मूल त्या मुलांपेक्षा कितीतरी सुस्थितीत असतं.

आपल्या मुलांना ऐकण्याची सवयच नाही, हेही मला मान्य नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कीर्तन-प्रवचनाला तासन् तास मन लावून बसणारा हा समाज आहे. खेड्यातल्या कितीतरी होतकरू मुलांनी आकाशवाणीवर रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या रोज ऐकून कान तयार केला होता. लक्ष देण्याची शक्ती आहे, कमी आहे तो इंग्रजी बोलण्याचा सहवास.

तो कसा द्यायचा? अकरावी-बारावीत आठवड्याचा एक तास फक्त ऐकण्याचा असावा, आणि त्यात विलायती निवेदकाच्या हॉटेल आरक्षणाच्या संवादांऐवजी मुलं पुढे जे ऐकणार आहेत तेच ऐकवावं. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून उभारलेल्या एनपीटीईएलवर हजारो तासांची व्याख्यानं फुकट आहेत. सिरुसेरीच्याच संस्थेतले माधवन मुकुंद यांचे पायथन आणि अल्गोरिदमवरचे अभ्यासक्रम तिथे आहेत. सांगोल्याच्या मुलीला सिरुसेरीच्या वर्गातलं बोलणं कसं असतं, हे प्रवेशाआधी दोन वर्षं ऐकता येतं. पाच मिनिटांचा तुकडा लावावा, मुलांनी तो कागदावर उतरवावा, मग लिखित पाठ समोर ठेवून काय निसटलं ते तपासावं. आपल्या शाळांत श्रुतलेखन मुरलेलं आहे. त्याला इंग्रजी व्याख्यानाची जोड द्यायची एवढंच. गणिताच्या शिक्षकानंही मराठीत समजावून झाल्यावर तेच सूत्र इंग्रजीत मोठ्यानं म्हणावं आणि मुलांकडून म्हणवून घ्यावं. त्याला खर्च येत नाही.

हातातल्या २० गुणांपैकी काही गुण मंडळानं पाठवलेल्या ध्वनिफितीवर ठेवायला माझी हरकत नाही. मग शाळेतली चाचणी चालते आणि प्रवेशातली का नको, असं कुणी विचारेल. शाळेच्या चाचणीनंतर शिकवायला अजून वर्ष उरलेलं असतं, आणि कमी गुण पडले तर दुरुस्तीची जबाबदारी शाळेवर येते. प्रवेश परीक्षेतले कमी गुण हा अंतिम निवाडा असतो.

संस्थांनीही आपला वाटा उचलावा. सिरुसेरीची परीक्षा मे महिन्यात होते आणि वर्ग ऑगस्टच्या सुमारास भरतात. मधल्या काळात निवड झालेल्या मुलांना पहिल्या सत्राच्या शिक्षकांची ध्वनिमुद्रित व्याख्यानं पाठवता येतात. पहिल्या सत्रात प्रत्येक तासाचं ध्वनिमुद्रण मुलांना पुन्हा ऐकायला मिळावं, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी चालवलेला शंकातास असावा, आणि ‘सर, वाक्य कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं म्हणण्यात कमीपणा नाही हे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी स्वतः सांगावं. आयआयटींमध्ये राखीव गटांतल्या काही विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम असतो आणि त्यात इंग्रजीही शिकवली जाते. म्हणजे प्रवेशानंतर भाषा शिकवणं हे संस्थेच्या कामात बसतं, हे तत्त्व आपण कधीच मान्य केलेलं आहे. ते सर्व गरजूंपर्यंत न्यायचं आहे.

प्रवेश परीक्षेत ऐकण्याची चाचणी मागणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपली सारी ताकद या कामामागे लावावी. शिक्षण मंडळाकडे ऐकण्याचा तास मागावा, शिक्षकांसाठी प्रशिक्षण मागावं, संस्थांकडे पहिल्या सत्राची मदत मागावी. ही तिन्ही कामं झाल्यावर कान तपासण्याची गरज कुणाला वाटणार नाही. आणि ती होत नाहीत तोवर मराठी मुलाकडून त्याची किंमत वसूल करण्याचा अधिकार कुठल्याही परीक्षेला नाही.